घरी इंटरनेटवरचा दूरध्वनी बसविताना

(शेतकरी श्रोत्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषी अधिकारी म्हटला की तो बियाणे, खते आणि औषधे यांवर बोलणार, हे आपण धरूनच चालता. आज मात्र मी घरातल्या फोनविषयी चार गोष्टी सांगणार आहे. शेतीच्या माणसाने फोनवर कशाला बोलावे, असे कुणाला वाटेल. पण बघा, कीड पडली की सल्ला कशावर विचारता? फोनवर. गाय अडली, डॉक्टर हवा, तर कशावर बोलावता? फोनवर. बाजारभाव, पावसाचा इशारा, मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलाची खुशाली, हे सारे फोनवरच. शेतीच्या अवजारांत आता फोनही धरायला हवा. अवजार म्हटले की ते कसे बसवावे आणि कसे सांभाळावे, हे माहीत असलेच पाहिजे.

गावोगाव आता काचेच्या तारेचे, म्हणजे फायबरचे, इंटरनेट येऊ लागले आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ही तार नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. पंचायतीपासून किंवा टेलिफोन केंद्रापासून पुढे वाड्या-वस्त्यांवर जोडण्या दिल्या जात आहेत. डोंगराच्या कुशीत, खोलगट भागात, दगडी भिंतीच्या जुन्या घरात मोबाइलला रेंज मिळत नाही. अशा घरांना ही जोडणी मोठी सोयीची आहे. एकाच तारेवर इंटरनेट आणि फोन दोन्ही चालतात.

मात्र या फोनची एक गोष्ट जुन्या फोनपेक्षा अगदी वेगळी आहे. ती नीट कळली नाही तर नेमका गरजेच्या वेळी फोन मुका होतो. म्हणून आधी तेच सांगतो.

जुना फोन आणि नवा फोन

पूर्वी आपल्याकडे तांब्याच्या दोन तारांचा फोन होता. गावात वीज गेली, सगळीकडे अंधार पडला, तरी तो फोन वाजायचा. हे कसे व्हायचे? फोनला लागणारी वीज घरातून घेतलीच जात नव्हती. टेलिफोन केंद्रात बॅटऱ्यांची रांग असायची. तिथून साधारण ४८ व्होल्टची वीज त्याच तांब्याच्या तारेतून आपल्या घरापर्यंत यायची. आवाजही त्याच तारेतून आणि वीजही त्याच तारेतून. १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे खेड्यांसाठी बनविलेले पहिले देशी स्वयंचलित टेलिफोन केंद्र सुरू झाले. वातानुकूलन यंत्र नसले तरी ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात चालावे, असेच बनविले होते. अशा छोट्या केंद्रांनीच पुढे खेडोपाडी फोन पोचविला.

नवी तार काचेची. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. प्रकाशाचा पुन्हा आवाज करण्याचे काम घरात बसविलेला लहान डबा करतो. कुणी त्याला मोडेम म्हणतात, कुणी राउटर, तर कुणी वायफायचा डबा. या डब्याला आपल्या घरचीच वीज लागते. घरची वीज गेली की डबा बंद आणि डबा बंद की फोनही बंद.

आता आठवून पहा, वीज कधी जाते? वादळात, मुसळधार पावसात, रात्री-बेरात्री. साप निघतो, झाड कोसळते, गाय अडते तेही अशाच वेळी. म्हणजे फोनची गरज आणि वीज जाण्याची वेळ बहुधा एकच असते. म्हणून आजच्या भाषणाचे सार आधीच सांगून ठेवतो: इंटरनेटवरचा फोन जरूर घ्या, पण त्याच्या विजेची सोय आधी करा.

जोडणी घेण्यापूर्वी काय विचारावे

बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, पावती घेतो. तसेच जोडणी देणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: जोडणीबरोबर फोन क्रमांक मिळणार की नुसते इंटरनेट? दोन्ही प्रकार असतात. क्रमांक मिळणार असेल तर त्यावर बाहेरून फोन येईल ना आणि आपल्याला कोणत्याही क्रमांकावर लावता येईल ना, हे स्पष्ट करून घ्यावे.

दुसरा प्रश्न: केंद्रापासून माझ्या घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारा डबा आहे का? काही ठिकाणी वाटेतल्या फाट्यांना वीज लागतच नाही, केवळ प्रकाश विभागला जातो. ही पद्धत उत्तम. काही ठिकाणी मात्र गल्लीत, खांबावर किंवा कुणाच्या तरी पडवीत विजेवर चालणारा डबा असतो. तिथली वीज गेली की तुमच्या घरी बॅटरी असूनही फोन चालणार नाही. असा डबा असेल तर त्याला बॅटरी आहे का आणि ती किती तास चालते, हे विचारावे.

तिसरा प्रश्न: तार तुटली तर दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांत? तक्रार नोंदविण्याचा क्रमांक लिहून घ्यावा. तो मोबाइलमध्येच ठेवू नये, भिंतीवरही लिहावा.

चौथा प्रश्न: महिन्याचे भाडे किती, डबा विकत की अनामत ठेवून आणि जोडणी सोडल्यावर अनामत परत मिळते का? सगळ्याची पावती घ्यावी.

वेगाची फार चिंता करू नये. नुसत्या बोलण्याला इंटरनेट फारच थोडे लागते. एका तासाच्या बोलण्याला साधारण ८० एमबी पुरतात. सिनेमे पाहण्यासाठी मोठा वेग लागेल, बोलण्यासाठी लहानात लहान योजनाही पुरेशी आहे.

तार कशी आणावी

तार आणण्याच्या दिवशी घरधन्याने किंवा घरधनिणीने स्वतः उभे राहावे. खांबावरून तार आणायची तर ती पाणंदीवर इतकी उंच असावी की भरलेली उसाची ट्रॉली किंवा कडब्याची गाडी खालून सहज जाईल. तुटलेल्या तारांपैकी कितीतरी अशा गाड्यांनीच तोडलेल्या असतात.

जमिनीतून आणायची तर नळीत घालून, नांगराच्या फाळापेक्षा बरीच खोल पुरावी. शेतातल्या पाण्याच्या पाइपलाइनच्या चरातच ती टाकू नये. पाइप फुटला की आपण चर उकरतो आणि पहिला घाव तारेवर बसतो. ज्या बांधाने तार गेली त्यावर खुणेचे दगड बसवावेत. जेसीबी लावण्यापूर्वी चालकाला त्या खुणा दाखवाव्यात.

घरात आलेल्या काचेच्या तारेला मुडपू नये. तिचे वेटोळे बांगडीपेक्षा लहान होऊ देऊ नये. त्याहून लहान वाकविली तर आतला प्रकाश बाहेर निसटतो आणि आवाज तुटू लागतो. तारेवर खिळा ठोकू नये, तिला दाराच्या फटीत दाबू नये. धान्याच्या पोत्यांजवळून नेऊ नये, तिथे उंदीर कुरतडतात. तार तुटली तर चिकटपट्टीने जोडण्याचा खटाटोप करू नये. काच काचेला यंत्रानेच जोडावी लागते. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

डबा कुठे बसवावा

डबा कोरड्या, हवेशीर जागी, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असावा. चुलीचा धूर, गोठ्यातली वाफ, कौलातून गळणारे पाणी आणि खताच्या पोत्यांची धूळ यांपासून दूर असावा. त्याला लोखंडी कपाटात ठेवू नये. कपाटात ठेवला तर तो तापतोही आणि वायफायही बाहेर पडत नाही. घराच्या मध्यभागी ठेवल्यास सर्व खोल्यांत वायफाय बरे मिळते. आपल्या जुन्या घरांच्या मातीच्या नि दगडाच्या जाड भिंती वायफायला अडवितात. दोन भिंती मध्ये आल्या की जोर पुष्कळ कमी होतो.

गोठ्यात किंवा पडवीत फोन हवा असेल तर एक सोपा उपाय आहे. डब्याच्या फोनच्या खाचेतून टेलिफोनची साधी दोन तारांची केबल न्यावी आणि दुसरा साधा फोन तिथे जोडावा. दोन्ही फोन एकदम वाजतील. वायफायच हवे असेल तर इंटरनेटची केबल टाकून दुसरा लहान डबा बसवावा. ही केबल १०० मीटरपेक्षा लांब चालत नाही. दुसऱ्या डब्यालाही वीज लागते, हे विसरू नये.

फोन जोडण्याच्या तीन रीती

पहिली रीत: डब्यामागच्या खाचेत साधा फोन जोडणे. जोडणीबरोबर क्रमांक मिळाला असेल तर डब्याच्या मागे टेलिफोनची लहान खाच असते. तिच्यावर फोनचे चित्र किंवा फोन असा शब्द असतो. शेजारच्या रुंद खाचा इंटरनेटच्या असतात. त्यांत फोनची पिन घालू नये. फोन बटणांचा घ्यावा. गोल चकती फिरविण्याचा जुना फोन नव्या डब्यावर चालेलच असे नाही. शक्य तर तारेचा साधा फोनच घ्यावा, कारण त्याला लागणारी थोडीशी वीज डबाच पुरवितो. बिनतारी हातफोन सोयीचा खरा, पण त्याच्या बैठकीला वेगळी वीज लागते. वीज गेली की डबा बॅटरीवर चालू असूनही तो फोन बंद पडतो. बिनतारी फोन असेल तर त्याच्या जोडीला एक साधा फोन ठेवावाच.

एक लहानशी गोष्ट. १५ जानेवारी २०२१ पासून असा नियम झाला की घरच्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा. म्हातारी माणसे हे विसरतात आणि फोन बिघडला म्हणतात. फोनजवळच्या कागदावर मोबाइल क्रमांक शून्यासह लिहून ठेवावेत.

दुसरी रीत: वाय-फाय कॉलिंग. तुमचा मोबाइल तोच, क्रमांक तोच, पण टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून बोलणे होते. आपल्या देशात मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०१९ च्या अखेरीपासून आणि २०२० च्या आरंभापासून ही सोय सुरू केली. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिमकार्डाच्या किंवा कॉलच्या भागात वाय-फाय कॉलिंग असा पर्याय असतो. तो चालू करावा. सर्वच मोबाइल संचांत तो नसतो, म्हणून नवा संच घेताना दुकानदाराला विचारावे. तपासणी अशी करावी: मोबाइल विमान मोडवर टाकावा, मग फक्त वायफाय चालू करावे आणि फोन लावून पाहावा. लागला की समजावे, टॉवरची रेंज नसतानाही घरातून बोलता येईल.

तिसरी रीत: व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून बोलणे. गावाला असलेल्या मुलांशी, परदेशी गेलेल्या नातवंडांशी बोलायला हे ठीक आहे. पण ॲपवरून १०८ किंवा ११२ लागत नाही. घरातल्या बायका-मुलांना हे मुद्दाम सांगून ठेवावे. अडचणीच्या वेळी ॲप उघडू नये, मोबाइलचे नेहमीचे बटण दाबून क्रमांक लावावा.

विजेचा हिशेब

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. माझ्या कार्यक्षेत्रात डोंगराकडेला एक वस्ती आहे. तिथल्या एका घरी नवी जोडणी आली, वायफाय आले, सगळे खुश. जुलैच्या पावसात रात्री गाय अडली. वीज संध्याकाळपासूनच गेलेली. मोबाइल भरलेला होता, पण त्या घरात टॉवरची रेंज नाही आणि वायफायचा डबा विजेअभावी बंद. घरातला मुलगा चिखल तुडवीत कालव्याच्या भरावावर गेला, तेव्हा कुठे रेंज मिळाली. गाय वाचली, वासरू गेले. दोन दिवसांनी त्यांनी बॅटरी आणली. जोडणीच्या दिवशीच ती आणली असती तर तो मुलगा घरातूनच बोलला असता.

बॅटरी किती मोठी हवी, याचा हिशेब अवघड नाही. विहिरीत किती पाणी आणि पंप किती उपसतो, यावरून पाणी किती वेळ पुरेल ते आपण काढतोच. तसाच हा हिशेब.

डब्याच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. समजा १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिले आहे. दोहोंचा गुणाकार १२, म्हणजे डबा जास्तीत जास्त १२ वॅट वीज घेतो. हा झाला उपसा.

आता साठा. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर गुणाकार ८४, म्हणजे ८४ वॅट-तास वीज साठलेली आहे. ८४ ला १२ ने भागले की ७ तास येतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर खराब होते. म्हणून ७ चे ४ ते ५ तासच खात्रीचे धरावेत.

बाजारात वायफायच्या डब्यासाठी लहान बॅटरी-संच मिळतात. त्यांवर मोठ्या अक्षरात आठ हजार, दहा हजार असे आकडे असतात. त्या आकड्यांना भुलू नका. ते आकडे मिलिअँपिअर-तासांचे असतात आणि बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या घटाचे असतात. ८००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ८ अँपिअर-तास. ८ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३० वॅट-तास. १२ वॅटचा डबा त्यावर जेमतेम अडीच तास चालेल. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा: वॅट-तास किती?

आपल्याला किती तास लागतील, ते आपल्याच वस्तीवर ठरते. एक महिना दिनदर्शिकेवर वीज जाण्या-येण्याच्या वेळा लिहाव्यात. सर्वांत लांब खंड जितका असेल त्याच्या दीडपट सोय करावी. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याची पिन इन्व्हर्टरच्या खाचेतच लावावी. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १२ वॅटचा भार म्हणजे बैलगाडीवर ठेवलेली पाटी. पंखा आणि टीव्ही बंद ठेवले तर डबा रात्रभर चालतो.

काही हुशार मंडळी फवारणी पंपाची बॅटरी काढून डब्याला जोडतात. तीही १२ व्होल्टचीच असते हे खरे. पण चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो आणि डबा जळू शकतो. शिवाय तारा उलट लागल्या तर डबा जागीच संपतो. ज्याला हे काम येते त्याच्याकडून योग्य दाबाचे उपकरण मध्ये घालून करावे. नाही तर डब्यासाठी बनविलेला संचच घ्यावा. एका डब्याचा अडॅप्टर दुसऱ्याला लावू नये. पिन बसते म्हणून दाब सारखाच असतो असे नाही.

मळ्यातल्या घरांना कधी कधी शेतीच्या वाहिनीवरूनच वीज असते. तिचा दाब वरखाली होतो आणि ती पाळीनेच मिळते. अशा घरांना बॅटरीची गरज इतरांपेक्षा जास्त. छपरावर सौर दिव्याचा संच असेल तर त्यावर डबा चालविता येईल का, हे संच बसविणाऱ्याला विचारावे.

वीज कडाडते तेव्हा

मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस येतो तेव्हा विजा पडतात. काच वीज वाहून नेत नाही, पण भिंतीतल्या विजेच्या खाचेतून दाबाचा झटका येतो आणि डबा जळतो. आकाश गडगडू लागले की बॅटरी-संचाची भिंतीतली पिन काढून ठेवावी. डबा बॅटरीवर चालू राहतो आणि फोनही सुरू राहतो. बॅटरी असण्याचा हा दुसरा फायदा. विजा चमकत असताना तारेचा फोन अगदी गरज असेल तरच कानाला लावावा. घराचे अर्थिंग ठीक आहे ना, हे पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.

दुखणे ओळखावे कसे

पिकाच्या पानावरून रोग ओळखतात, तसे डब्याच्या दिव्यांवरून दुखणे ओळखता येते.

एकही दिवा नसेल तर वीज नाही. पिन, अडॅप्टर आणि बॅटरी पाहावी.

एलओएस या अक्षरांजवळ लाल दिवा लागला असेल तर प्रकाश घरापर्यंत येत नाही. तार तुटली किंवा मुडपली आहे. तारेवरून नजर फिरवावी आणि तक्रार नोंदवावी.

पीओएन या अक्षरांजवळचा दिवा स्थिर हिरवा असेल तर तार ठीक आहे. तो सतत लुकलुकत राहिला तर केंद्राशी जुळणी झालेली नाही.

तार ठीक, इंटरनेट चालू, पण फोन मुका असेल तर आधी फोनची पिन काढून पुन्हा घालावी. मग डबा बंद करून मिनिटभराने सुरू करावा. पुरता सुरू व्हायला त्याला काही मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा. तरीही मुका राहिला तर तक्रार करावी. डब्याचे बारीक छिद्रातले बटण काडीने दाबू नये. त्याने डब्यातली सारी मांडणी पुसली जाते.

फोनजवळचा कागद

फोनजवळ भिंतीवर ठळक अक्षरांत हे क्रमांक लावावेत. रुग्णवाहिका १०८. पोलीस, आग आणि कोणतेही संकट ११२. जनावरांचा फिरता दवाखाना १९६२. किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१. इथे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत सल्ला मिळतो आणि फोनचे पैसे पडत नाहीत. फोनवरून पैशाची फसवणूक झाली तर १९३०.

त्याखाली आपला पूर्ण पत्ता लिहावा: गाव, वस्ती, तालुका, जिल्हा, गट नंबर, मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचे आणि ओळखीची खूण. हे कशासाठी? इंटरनेटवरून फोन लावला की तुम्ही कुठे आहात ते समोरच्याला आपोआप कळेलच, असा भरवसा नसतो. आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा रस्ताही धड सांगता येत नाही. समोर कागद असला की दहा वर्षांचे पोरही वाचून सांगू शकते.

एक सावधगिरी

शेवटी एक धोक्याची सूचना. तुमच्याकडे चांगले इंटरनेट आहे असे पाहून कुणी येईल आणि म्हणेल, माझा एक डबा तुमच्या घरी ठेवू द्या, दरमहा भाडे देतो. त्या डब्यात पुष्कळ सिमकार्डे असतात. परदेशातले फोन इंटरनेटवरून आणून ते देशी मोबाइलचे असल्यासारखे त्यातून पुढे सोडले जातात. लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्याही असेच डबे वापरतात. परवानगीवाचून अशी दूरसंचार सेवा चालविणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भाड्याच्या चार पैशांपायी पोलीस तुमच्याच दारात येतील. असा डबा घरात घेऊ नका आणि आपल्या नावाचे सिमकार्डही कुणाला देऊ नका. वायफायचा परवलीचा शब्द भिंतीवर लिहू नका आणि जोडणी देणाऱ्याने ठेवलेला शब्द पहिल्याच दिवशी बदला.

सही करण्यापूर्वी

मंडळी, एवढे सगळे लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण एक गोष्ट जरूर करा. जोडणी बसविणारा माणूस घरी असतानाच, त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी, घराचा मेन स्विच बंद करा. दिवे जातील, पंखा थांबेल. मग बॅटरीवर चाललेल्या डब्यावरून शेजाऱ्याला फोन लावा. त्यालाही उलट लावायला सांगा. दोन्हीकडून आवाज नीट आला तर सही करा. नाही आला तर कुठे अडते ते त्याच्याकडूनच तेव्हाच नीट करून घ्या. हीच तपासणी दरवर्षी मृगाच्या आधी, छपराची कौले चाळताना, एकदा करीत जा. बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते. ते पावसाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री कळण्यापेक्षा उन्हाळ्यात दिवसाउजेडी कळलेले बरे.

आणि हो, घरातली कर्ती बाई, म्हातारे आई-वडील आणि शाळेत जाणारी मुले, सगळ्यांना ही तपासणी करताना जवळ उभे करा. फोन ज्याला लावता येतो त्याच्याच कामाचा, आणि संकट काही घरधनी घरी आहे का हे पाहून येत नाही.

आपल्या काही शंका असतील तर ग्रामपंचायतीत किंवा आमच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे जरूर विचारा.